काळ आणि कारखाना



अध्यक्षांच्या टेबलावर एक घंटा ठेवलेली आहे. पंचवीस मिनिटे झाली की ती एकदा वाजेल, अर्धा तास झाला की दोनदा वाजेल, असे चिटणीसांनी आम्हांस आधीच बजावले आहे. आमचे निम्मे आयुष्य भोंग्याच्या तालावर गेले असल्यामुळे या घंटेबद्दल आमची काही तक्रार नाही. उलट, आज ज्या विषयावर बोलायचे आहे त्याची ही नांदीच झाली असे आम्ही समजतो.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे गावोगाव तिचे अनुकरण झाले. या व्यासपीठांवर विद्वान बोलत आले. आम्ही विद्वान नव्हे. शाळा दहावीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर, शेजारी शब्दकोश ठेवून, तिसरी पाळी करून आल्यावरच्या दुपारी झाले. तीस वर्षे युनियनचे काम करताना मालकांच्या बाजूने जे अभ्यास आमच्या तोंडावर फेकले जात, ते वाचता यावेत एवढ्यासाठीच आम्ही व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके हाती धरली. ती वाचता वाचता एक प्रश्न मनात घर करून बसला. संघटनांचा, कारखान्यांचा, माणसांच्या कामाचा अभ्यास करणारे हे संशोधक पाहतात खरे. पण ते किती वेळ पाहतात? आणि तेवढ्या वेळात जे दिसले, त्यावरून किती वर्षांचा निवाडा देतात? आजचे व्याख्यान एवढ्या एका प्रश्नाचे आहे.

काळ मोजणे ही काही साहेबाने आणलेली गोष्ट नव्हे. आपल्याकडे लग्नात घटिकापात्र असे. भोक पाडलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की घटका झाली. घटका म्हणजे चोवीस मिनिटे, तिचा साठावा भाग पळ, आणि पळाचा साठावा भाग विपळ. हिशेब केला तर विपळ म्हणजे एका सेकंदाचे चार दशांश. याहून बारीक काळ ज्योतिषालाच लागे, संसाराला लागत नसे. पण १९४८ साली अमेरिकेत कामाच्या हालचाली मोजण्याची एम.टी.एम. नावाची पद्धत प्रसिद्ध झाली. तिचे माप तासाचा एक लाखावा भाग, म्हणजे सेकंदाचे छत्तीस सहस्रांश. आपल्या एका विपळात अशी अकरा मापे बसतात. हात पुढे करणे, वस्तू पकडणे, ती नेणे, सोडणे, या प्रत्येकाला अशी मापे ठरवून दिलेली आहेत. पंचांगापेक्षा कारखान्याचे घड्याळ अकरा पट बारीक झाले, असे म्हणायला हरकत नाही.

कामगारानेही घड्याळ ओळखले ते फार पूर्वी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील मागण्या आठवून पाहा. रविवारी सुटी द्या. दुपारी अर्धा तास विश्रांती द्या. काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला थांबवा. मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत द्या. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार द्या आणि कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटाची सोय करा. या पाच मागण्यांत पगारवाढीची मागणी नाही! दिवसाचा काळ, आठवड्याचा काळ, महिन्याचा काळ, आणि शेवटच्या मागणीत तर साऱ्या आयुष्याचा काळ. रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० पासून. एक दिवस मिळवायला सहा वर्षे लागली. लोखंड्यांनी कारखान्याचा काळ सेकंदात पाहिला नाही, जन्माच्या मापाने पाहिला. आमच्या मते संशोधनाची खरी दृष्टी ही होती.

आता दुसरी दृष्टी पाहू. फ्रेडरिक टेलर हे नाव व्यवस्थापनशास्त्रात आद्य पुरुषाचे नाव म्हणून घेतले जाते. १८९९ साली अमेरिकेतील बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात कच्च्या लोखंडाच्या लाद्या मालगाडीत भरण्याचे काम होते. एक लादी ब्याण्णव पौंडांची, म्हणजे बेचाळीस किलोच्या आसपास. टेलरने १९११ सालच्या आपल्या ग्रंथात लिहिले की माणूस दिवसाला साडेबारा टन भरत असे, आम्ही शास्त्रशुद्ध रीतीने साडेसत्तेचाळीस टन भरून घेतले. मजुरी एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंटवर नेली. वजन जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी अधिक.

हा आकडा निघाला कसा? १९७४ साली दोन अभ्यासकांनी कारखान्याची जुनी कागदपत्रे तपासून त्याची हकीकत प्रसिद्ध केली. काही निवडक धट्टेकट्टे मजूर घेतले, त्यांना जमेल तितक्या जलद भरा म्हणून सांगितले. त्यांनी चौदा मिनिटांत साडेसोळा टन भरले. मग त्या चौदा मिनिटांना दहा तासांनी गुणले, आकडा वरच्या बाजूला सावरून घेतला, विश्रांतीसाठी चाळीस टक्के वजा केले, आणि दिवसाचे प्रमाण तयार झाले. जो माणूस चौदा मिनिटे धावू शकतो तो दहा तास कसा चालेल याचा हा हिशेब. खुद्द टेलरनेच नमूद केले आहे की आठांतला एखादाच मजूर हे काम करण्याजोगा होता. उरलेल्या सातांचे काय झाले, आणि त्या आठव्याचे दहा वर्षांनी काय झाले, हे त्या ग्रंथात शोधू नये. ते मोजलेच नव्हते.

मंडळी, इथे टेलरला नावे ठेवून टाळ्या घेणे सोपे आहे. पण आम्हांला तो अधिकार नाही. का नाही, ते सांगतो.

१९९६ सालची गोष्ट. आम्ही एका औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात ड्रिलिंग खात्यात होतो आणि युनियनच्या कमिटीवर नुकतेच निवडून आलो होतो. अकरा किलोचे कास्टिंग ट्रॉलीतून उचलायचे, मशीनवर बसवायचे, भोके पाडायची, उतरवून पलीकडच्या ट्रॉलीत ठेवायचे. तासाला बत्तीस नग निघत. व्यवस्थापनाने टाइम स्टडी लावला. स्टॉपवॉच घेऊन दोघेजण आले. अभ्यास तीन दिवस चालला. महिना जानेवारीचा, पाळी पहिली, टूल नवे, ट्रॉली हाताशी आणून लावलेली. मशीनवर आमचे एक सोबती होते, वय सव्वीस, कबड्डीचे खेळाडू. आकडा निघाला बेचाळीस. युनियनचा प्रतिनिधी म्हणून आम्ही शेजारी उभे होतो. घड्याळ बरोबर चालते की नाही ते पाहिले. बेरजा तपासल्या. विश्रांतीची टक्केवारी धरली की नाही ते पाहिले. सारे चोख होते. पगारवाढही बरी होती. आम्ही सही केली.

बेचाळीस नग म्हणजे सात तासांत सव्वातीन टन लोखंड, आणि तेही दोनदा, चढवताना एकदा, उतरवताना एकदा. मे महिन्यात पत्र्याखाली, तिसऱ्या पाळीत पहाटे चारला, टूल बोथट झाल्यावर, हा आकडा तोच राहिला. तीन वर्षांचा करार संपला, पुढच्या करारात बेचाळीस हा पायाच धरला गेला. तो आकडा कुठून आला हे विचारणारेही कोणी उरले नाही. २०१० साली आमच्या त्या सोबत्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. सह्या करायला आले तेव्हा आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. घरात शिरल्यावर त्यांनी सदरा काढला आणि खुंटीवर टांगायला वहिनींच्या हाती दिला. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. वय वर्षे चाळीस.

त्यांचा खांदा त्या आकड्यानेच गेला, असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. ते शेतातही राबत. डॉक्टरांनीही तसे लिहून द्यायला नकार दिला, आणि त्यांचे काही चुकले नाही. पुरावा नव्हता. पण पुरावा का नव्हता? कारण चौदा वर्षे कोणी पाहिलेच नव्हते. तीन दिवसांचा पुरावा कपाटात फायलीत नीट लावून ठेवलेला होता, त्यावर आमची सही होती. चौदा वर्षांचा पुरावा फक्त एका माणसाच्या खांद्यात होता. आमच्या आजच्या बोलण्याचे सार हेच आहे. ज्या लांबीचा काळ आपण पाहण्यासाठी निवडतो, त्या लांबीत जे बसत नाही ते आपल्या लेखी घडलेलेच नसते.

दीर्घकाळ पाहिले तर काय होते, याचीही उदाहरणे शास्त्रात आहेत, आणि ती सांगितल्यावाचून बोलणे एकांगी होईल. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२७ पासून काही मुलींच्या एका लहान गटाचे काम पाच वर्षे पाहिले गेले. मधल्या सुट्या दिल्या, वाढवल्या, कामाचे तास कमी केले. उत्पादन वाढत गेले. अभ्यास तिथेच थांबला असता तर निष्कर्ष सरळ होता, की विश्रांती दिली म्हणून काम वाढले. पण पुढे बारा आठवडे साऱ्या सवलती काढून घेतल्या, आणि तरीही एकूण उत्पादन मूळच्या पातळीवर उतरले नाही. संशोधक चक्रावले. मग निरीक्षणाखाली असल्याचा परिणाम, आपापसांतला जिव्हाळा, पगार मोजण्याची बदललेली रीत, मध्येच बदललेल्या दोन मुली, असे कितीतरी धागे पुढे आले. त्यांवरचा वाद पुढे कित्येक दशके चालला. काळ लांबला तसे उत्तर सोपे राहिले नाही. पण जे राहिले ते अधिक खरे होते.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे, अहमदाबादचे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस हे १९५३ साली तिथल्या कॅलिको मिलच्या विणाई खात्यात आले. स्वयंचलित माग आले होते, पण माल वाढत नव्हता. राइस यांनी पाहिले की प्रत्येकाला कामाचा एक तुकडा वाटून दिला आहे आणि कोण कोणाच्या जोडीचा हे कोणालाच ठाऊक नाही. त्यांनी ठरावीक मागांमागे एक गट, अशी कल्पना मांडली. कामगारांनी ती उचलली आणि आपले गट आपणच जुळवले. उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले. १९५८ साली त्यावर ग्रंथ आला आणि जगभर गाजला. इथपर्यंतची गोष्ट व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला पाठ असते.

पुढची गोष्ट कमी जणांना ठाऊक असते. राइस यांचे सहकारी एरिक मिलर १९७० साली, म्हणजे सोळासतरा वर्षांनी, ती खाती पुन्हा पाहायला गेले. एका ठिकाणी गटपद्धत तशीच टिकलेली होती. इतरत्र ती बऱ्याच अंशी विरून गेली होती. बाहेरची परिस्थिती बदलत गेली, आणि त्या बदलांचे धक्के सोसण्याची सोय गटांना राहिली नव्हती. प्रयोग खोटा नव्हता. पण प्रयोग यशस्वी झाला म्हणजे काम संपले, ही समजूत खोटी होती. आमच्या दृष्टीने मिलर यांची दुसरी फेरी राइस यांच्या पहिल्या फेरीइतकीच मोलाची आहे. रोप लावणाऱ्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो. सतरा वर्षांनी झाड आहे की नाही हे पाहायला जाणारा दुर्मिळ.

किती वेळ पाहिले याइतकेच कोणत्या वेळी पाहिले हेही महत्त्वाचे. कॉनी गर्सिक नावाच्या विदुषींनी १९८८ साली आठ कार्यगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणाला आठवड्याची मुदत, कोणाला सहा महिन्यांची. पण प्रत्येक गट मुदतीच्या सुमारे मध्यावर आला की जुनी वाट सोडून नव्या वाटेला लागला. त्यांना फक्त पहिल्या टप्प्यात पाहणारा म्हणेल, हे लोक एका जागी अडकले आहेत. आमच्या वाटाघाटी कमिट्या आम्ही डोळ्यांपुढे आणल्या आणि हसू आले. अर्धी मुदत जाईपर्यंत चहाच होतो!

संशोधकांनाही ही उणीव जाणवू लागली, ही समाधानाची गोष्ट आहे. श्रीलता झहीर, स्टुअर्ट अल्बर्ट आणि अकबर झहीर यांनी १९९९ साली एका लेखात असे मांडले की संघटनेविषयीचा कोणताही सिद्धान्त सांगताना तो काळाच्या कोणत्या पट्टीवर खरा आहे हे सांगितले पाहिजे. तासाच्या पट्टीवर जे सत्य, ते वर्षाच्या पट्टीवर उलटे पडू शकते. कापड मोजताना वार की मीटर हे आपण दुकानदाराला विचारतो. माणसाचे काम मोजताना मात्र पट्टी विचारायची आपल्याला सवय नाही.

आता तिसरा प्रश्न, काळ कोणाचा? इलियट जॅक्स यांनी लंडनच्या ग्लेशियर मेटल कंपनीत अनेक वर्षे काम करून १९५६ साली एक माप सुचवले. वरिष्ठाने तपासल्याशिवाय माणसाला स्वतःच्या अकलेने जास्तीत जास्त किती काळ काम करू दिले जाते, त्यावरून त्याच्या जबाबदारीची पायरी ठरते. कोणाला तासाभराचा काळ, कोणाला महिन्यांचा, कोणाला दहा वर्षांचा. जॅक्स यांच्या साऱ्या मतांशी आम्ही सहमत नाही, पण हे निरीक्षण मर्मावर बोट ठेवणारे आहे. आपल्या भाषेतच पाहा. एक रोजंदार, दुसरा पगारदार, तिसरा वार्षिक पॅकेजवाला. कोणाला किती लांबचे पाहण्याची मुभा आहे, ते नावातच लिहिलेले आहे.

आमचे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही. त्याची कारणमीमांसा हा आजचा विषय नव्हे. पण बारा वर्षांच्या वयात आम्ही जे पाहिले ते एवढेच, की संप ही वाट पाहण्याची लढाई असते. मालकाचा काळ वर्षांच्या मापाचा होता, आमच्या घरचा काळ वाण्याच्या पुढच्या बिलापर्यंतचा. ज्याच्यापाशी काळ अधिक, तो थांबू शकतो. आणि थांबू शकणारा जिंकतो.

यातून एक दोष आमच्या पदरातही पडतो, तो लपवणे बरे नव्हे. युनियनचीही नजर आखूड असते. करार तीन वर्षांचा, निवडणूक दोनतीन वर्षांनी, आणि दिवाळीचा बोनस दरवर्षी. पंधरा वर्षांनी कामगाराच्या पाठीचे काय होईल यावर निवडणूक जिंकता येत नाही. मालक तिमाही पाहतो म्हणून आम्ही बोट दाखवतो, पण बेचाळीसच्या कागदावर आमची सही का पडली? त्या दिवशी आमचीही पट्टी तीन वर्षांचीच होती, म्हणून पडली.

आज स्टॉपवॉच फारसे दिसत नाही. कॅमेरा मोजतो, हातातले यंत्र मोजते, दारात सामान आणून देणाऱ्या पोराचा मोबाइल मोजतो. मोजमाप अखंड झाले. मग दीर्घकाळ पाहणे आपोआप साधले का? नाही. चोवीस तास पाहणे वेगळे आणि चौदा वर्षे पाहणे वेगळे. तो पोरगा काम सोडून गेला की त्याचा हिशेब बंद होतो. त्याच्या गुडघ्याचा हिशेब मात्र तेव्हाच सुरू होतो. आणि तो कोणत्याही पडद्यावर दिसत नाही.

मोजूच नका, असे आमचे म्हणणे नाही. न मोजता काम चालले की मुकादमाची मर्जी चालते, हेही आम्ही अनुभवले आहे. आमचे म्हणणे एवढेच, की कोणी अभ्यास पुढे ठेवला की तीन प्रश्न विचारावेत. किती वेळ पाहिले? कोणत्या वेळी पाहिले? आणि कोणाच्या काळाच्या पट्टीने मोजले? हे प्रश्न कारखान्यापुरते नाहीत. शाळेची नवी पद्धत, दवाखान्याची नवी व्यवस्था, नगरपालिकेची नवी योजना, कशालाही लावून पाहा.

शेवटी आमच्या एका वहीबद्दल सांगतो. दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असते आणि निवृत्त सोबती आवर्जून येतात. २०११ पासून दर दसऱ्याला आम्ही त्यांना तेच चार प्रश्न विचारतो. रात्री झोप लागते का? हात डोक्यापर्यंत जातो का? औषध कोणते चालू आहे? सध्या काय काम करता? उत्तरे शाळेच्या लांब वहीत लिहून ठेवतो. याला संशोधन म्हणण्याचा आगाऊपणा आम्ही करणार नाही. पण दरवर्षी तीच माणसे, तेच प्रश्न, एवढी शिस्त पाळली आहे. पहिले नाव खुंटीपर्यंत हात न पोचणाऱ्या त्या सोबत्यांचे आहे.

तीन वर्षांपूर्वी नव्या कराराच्या वेळी एक तरुण अधिकारी व्हिडिओवरून काढलेला अभ्यास घेऊन आले. आम्ही विचारले, किती दिवसांचा? ते म्हणाले, दोन पाळ्यांचा. आम्ही ती वही टेबलावर ठेवली. त्यांनी ती उघडली आणि बराच वेळ वाचत राहिले. आकडा त्या दिवशी खाली आला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण करारात एक कलम पडले, की मे महिन्यात आणि तिसऱ्या पाळीत पुन्हा मोजणी व्हावी. तीस वर्षांपूर्वी आम्ही जे विचारायला हवे होते, ते एका ओळीचे कलम होते.

घंटा वाजण्याच्या आत थांबतो.